रवी शंकरन आणि माळव्याचा खरमोर

रवी शंकरन या पक्षिशास्त्रज्ञाचे १७ जानेवारी २००९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले, तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते. कोइंबतूरजवळच्या सलीम अली पक्षिविज्ञान व निसर्ग केंद्राचे, म्हणजेच ‘साकॉन’चे ते संचालक होते. त्यांचे नाव निघाले की बहुधा अंदमान-निकोबारची बेटे आठवतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण त्यांच्या शास्त्रीय कामाची घडण झाली ती समुद्रापासून दूर, मध्य प्रदेशातल्या उज्जैन संभागात. रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याच्या गवताळ माळांवर त्यांनी खरमोर या पक्ष्याचा अभ्यास केला. महाकाल, क्षिप्रा आणि शिंद्यांची जुनी राजधानी यांमुळे मराठी माणसाला उज्जैन परके नाही. त्याच मुलखात पावसाळ्यात येणारा हा पक्षी मात्र फारच थोड्यांनी पाहिला आहे, आणि त्याच्यासाठी राबलेल्या या माणसाचे नाव त्याहूनही कमी जणांना ठाऊक आहे.

खरमोर म्हणजे मराठीतला तणमोर. माळढोकाच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. आकाराने गावठी कोंबडीएवढा, मात्र मान आणि पाय लांब. या कुळाचे चार पक्षी भारतात आढळतात: माळढोक, बंगाली तणमोर, हिवाळ्यात राजस्थान-कच्छच्या वाळवंटी भागात येणारा होबारा आणि हा तणमोर. माळढोकासारखीच याचीही सारी भिस्त उघड्या गवताळ रानावर असते. दाट जंगल त्याला चालत नाही आणि पूर्ण उजाड माळही चालत नाही. टोळ, नाकतोडे, भुंगेरे हे त्याचे मुख्य खाद्य. जोडीला बिया आणि कोवळे कोंब.

एरवी नर आणि मादी दोघेही वाळक्या गवताच्या रंगाचे, तपकिरी ठिपक्यांचे असतात. पावसाळा जवळ आला की नराचे रूप पालटते. डोके, मान आणि पोट काळेभोर होते, खांद्यांवर पांढरा पट्टा उमटतो आणि कानामागून तीन-चार लांब, बारीक, मागे वळलेली पिसे निघतात. या पिसांची टोके चपटी असतात. हा थाट जून-जुलैपासून साधारण सप्टेंबरपर्यंत टिकतो. विणीसाठी हे पक्षी गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागात जमतात. पाऊस सरला की ते पांगतात आणि त्यांतले बरेच दक्षिणेकडे, दख्खनच्या पठारावर उतरतात. तिथे ते गवतात आणि पिकांत इतके गुपचूप वावरतात की त्यांच्या वर्षातल्या आठ-नऊ महिन्यांची माहिती शास्त्राला फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली.

विणीच्या काळात मात्र नर स्वतःला लपवत नाही. त्याची सारी धडपड दिसण्यासाठीच चाललेली असते. गुडघाभर गवतात उभा असलेला नर एकाएकी सरळ वर उसळतो. पाय पोटाशी घेतलेले, मान मागे टाकलेली, पंखांची जोरात फडफड. दीड-दोन मीटर उंची गाठली की पंख सावरून तो पुन्हा गवतात उतरतो. त्याच्या पंखांतली बाहेरची पिसे टोकाला निमुळती असतात. उडी घेताना त्यांतून बेडकाच्या डरकण्यासारखा खरखरीत आवाज निघतो आणि तो बराच दूरवर ऐकू जातो. एकच नर दिवसभरात अशा पाचशेपर्यंत उड्या मारू शकतो. सकाळ आणि संध्याकाळ या त्याच्या खास वेळा. आभाळ भरलेले असेल तर दुपारीही खंड पडत नाही.

या कसरतीचा हिशेब साधा आहे. गवत उंच, मादी गवतात कुठेतरी, आणि नराची उंची गवताहून कमी. गवतावर क्षणभर डोके काढणे हाच जाहिरातीचा एकमेव मार्ग. प्रत्येक नर आपला इलाखा राखतो; हे इलाखे एकमेकांपासून दूर असले तरी शेजारच्याची उडी दिसावी आणि आवाज ऐकू यावा इतपत जवळ असतात. मादी त्यांतून फिरते, नर निवडते आणि निघून जाते. घरटे, अंडी, पिल्ले या कशाशीही नराचा पुढे संबंध उरत नाही. मादी जमिनीवरच, गवतात किंवा पिकात, तीन-चार अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच उबवते. माळढोकाच्या कुळात सामान्यतः नर मादीपेक्षा बराच मोठा असतो. तणमोरात नेमके उलटे आहे: मादी मोठी, नर लहान. दिवसाला शेकडो उड्या मारायच्या तर अंग हलकेच हवे, असे त्याचे कारण दिले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे.

हीच उडी त्याच्या मुळावर आली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज शिकाऱ्यांना तणमोराचे मांस फार प्रिय होते. एरवी सहज हाती न लागणारा हा पक्षी विणीच्या दिवसांत आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत असे. ऐन विणीत, उडी मारणाऱ्या नरांची शिकार होत राहिली. जर्डन आणि ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञांच्या काळच्या लिखाणात दख्खनच्या अनेक जिल्ह्यांत हा पक्षी नेहमी दिसणारा म्हणून येतो. पुढच्या शंभर वर्षांत तिथली त्याची वीण जवळजवळ संपली. शिकारीखेरीज गवताळ जमिनी नांगराखाली जाण्याचा वेगही वाढत होता. गवताची जमीन सरकारी दफ्तरात ‘पडीक’ म्हणून लागते, आणि पडीक जमिनीची कुणाला कणव येत नाही. कधी ती शेतीला दिली जाते, कधी तिथे बाभूळ किंवा निलगिरी लावून ‘हरित’ केली जाते. तणमोराच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

तणमोराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आधी गेले नव्हते असे नाही. भावनगरचे राजपुत्र धर्मकुमारसिंहजी यांनी सौराष्ट्रात त्याच्या प्रियाराधनाची बारकाईने निरीक्षणे केली आणि १९५० मध्ये ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. खुद्द सलीम अली १९३० च्या दशकाच्या अखेरीस भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर आणि धार या संस्थानांच्या पक्षी-पाहणीसाठी या मुलखात फिरले होते. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. १९८० मध्ये जयपूरला माळढोकाच्या कुळावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि या पक्ष्यांची दशा एकदम चर्चेत आली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने संकटग्रस्त प्रजातींचा दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घेतला. माळढोक, बंगाली तणमोर आणि तणमोर हे त्यातले मुख्य विषय होते आणि असद रहमानी त्याची धुरा वाहत होते. आंध्र प्रदेशात १९८६ साली पुन्हा सापडलेला जर्डनचा धावीक हे याच काळातल्या शोधांचे गाजलेले फळ.

रवी शंकरन या कामात आले ते विशीच्या सुरुवातीला, १९८० च्या दशकाच्या मध्यावर. सलीम अलींच्या अखेरच्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. अलींचे निधन जून १९८७ मध्ये झाले. शंकरन यांच्या वाट्याला दोन्ही तणमोर आले. तराईच्या गवतात, दुधव्याला बंगाली तणमोर आणि माळव्यात हा छोटा तणमोर. याच अभ्यासावर त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

सैलाना हे रतलामपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे गाव, एके काळी राठोड राजघराण्याचे छोटे संस्थान. उज्जैनहून निघाले तर नागदा-रतलाममार्गे तिथे पोचता येते. खाण्याच्या शौकिनांना सैलाना तिथल्या राजघराण्याच्या पाककृतींमुळे माहीत असते. माळव्याचे काळ्या मातीचे पठार इथे माहीच्या खोऱ्याकडे उतरू लागते. उताराच्या, हलक्या, मुरमाड जमिनीवर नांगर चालत नाही, तिथे गवत टिकते. अशा राखीव गवताच्या रानाला तिकडे ‘बीड’ म्हणतात. संस्थानच्या काळी घोड्यांच्या आणि गुरांच्या वैरणीसाठी ही बीडे राखली जात. पवन्या, मारवेल, कुसळी अशी महाराष्ट्राच्या माळांवरही ओळखीची असलेली गवते या भागात वाढतात. पावसाळ्यात बीड बंद, दिवाळीच्या आसपास कापणी, मग गुरांना मोकळीक, हा जुना शिरस्ता. खरमोराचे वेळापत्रक या शिरस्त्यात अचूक बसत होते. तो येतो तेव्हा गुरे बाहेर असतात आणि कापणीला विळा लागतो तेव्हा पिल्ले उडून गेलेली असतात. खरमोर आणि गवत कापणारा माणूस यांच्यात मूळचे वैर नाही, ही या जागेने शिकवलेली महत्त्वाची गोष्ट.

मध्य प्रदेश सरकारने जून १९८३ मध्ये खरमोरासाठी दोन अभयारण्ये जाहीर केली. एक सैलान्याचे, सुमारे १३ चौरस किलोमीटरचे. दुसरे धार जिल्ह्यातल्या सरदारपूरचे, सुमारे ३४८ चौरस किलोमीटरचे. सैलान्याच्या बाबतीत सलीम अलींची शिफारस कारणी लागली. त्या काळात राज्याच्या वनखात्याचे सचिव एम. के. रणजितसिंह होते, वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात हे नाव पुढे अनेकदा येते. शंकरन सैलान्याला पोचले तेव्हा कागदावर संरक्षण होते. पक्षी तिथे नेमके काय करतो, किती आहेत, पाऊस न पडलेल्या वर्षी काय होते, हे मात्र कुणाला नीट सांगता येत नव्हते.

हे शोधायचे म्हणजे पावसाळाभर गवतात बसणे आले. पहाटेपासून नरांच्या उड्या मोजायच्या, कोणता नर कुठल्या तुकड्यात उभा राहतो याची नोंद ठेवायची, इलाखे नकाशावर चढवायचे, पावसाचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहायचे. या अभ्यासातून इलाख्यांची व्यवस्था स्पष्ट झाली, शिवाय खरमोराचे पावसाशी असलेले नातेही उलगडले. पाऊस वेळेवर आणि पुरेसा झाला तर नर ठरलेल्या बीडांत येतात, उड्या सुरू होतात. पाऊस दडी मारतो तेव्हा गवत वाढत नाही, किडे कमी पडतात आणि त्या वर्षी वीण जवळजवळ बुडते, किंवा पक्षी दुसरीकडे पाऊस झालेल्या भागात सरकतात. त्यामुळे एका वर्षी एखाद्या माळावर खरमोर दिसला नाही म्हणून तो संपला म्हणता येत नाही, आणि पुष्कळ दिसले म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. एका पावसाळ्याच्या पाहणीवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना हा पक्षी हमखास चकवतो.

मग त्याची संख्या ठरवायची कशी? शंकरन यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग या प्रश्नाच्या उत्तरात आहे. मादी मोजणे जवळपास अशक्य. ती दिसतच नाही. नर मात्र उडी मारतो तेव्हा आपोआप मोजला जातो. म्हणून विणीच्या ऐन हंगामात निवडक गवताळ तुकड्यांत उडी मारणारे नर मोजायचे, त्यावरून दर चौरस किलोमीटरला किती नर याचे प्रमाण काढायचे आणि तशाच प्रकारच्या उरलेल्या गवताच्या क्षेत्राला ते लावायचे. नर आणि माद्या साधारण सारख्या धरून एकूण आकडा मिळतो. यात त्रुटी राहतात हे उघड आहे. गप्प बसलेला नर निसटतो, माद्यांचे प्रमाण गृहीत धरलेले असते, पाऊस कमी-जास्त झाला की घनता बदलते. पण तीच पद्धत तशाच जागांवर ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरली तर आकडा वर जातो आहे की खाली, हे भरवशाने कळते. एका मोठ्या आकड्यापेक्षा एकसारख्या पद्धतीने काढलेले तीन आकडे अधिक मोलाचे असतात.

असे आकडे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवले. १९८२ मध्ये दुसऱ्या एका पथकाने खरमोरांची संख्या ४,३७४ असल्याचा अंदाज दिला होता. १९८९ च्या पाहणीतून अंदाज निघाला १,६७२. सात वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास घट. मधली काही वर्षे पश्चिम भारतात लागोपाठ दुष्काळाची गेली होती, १९८७ चा दुष्काळ तर भीषण होता, आणि त्याची झळ या आकड्यांत दिसते. १९९४ मध्ये आकडा २,२०६ पर्यंत सावरला. १९९९ च्या सुमारास तो ३,५३० झाला. पाऊस बरा आणि गवत शाबूत असेल तर हा पक्षी स्वतःला सावरू शकतो, हे या चढत्या आकड्यांनी दाखवले. याचा व्यवहारी अर्थ मोठा आहे. खरमोराला वाचवायला चमत्कार लागत नाही. विखुरलेली शेकडो गवताची राने लागतात आणि ती पावसाळ्याचे तीन महिने शांत राहावी लागतात.

एखाद-दुसरे अभयारण्य या गरजेला पुरणारे नाही. सरदारपूरचा अनुभव इथे बोलका आहे. त्या ३४८ चौरस किलोमीटरांत खासगी शेतजमिनींचा आणि गावांचा मोठा भाग आला. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, कर्ज आणि वाटण्या अडल्या, आणि आपल्या अडचणींचे कारण म्हणून शेतकऱ्यांना खरमोर दिसू लागला. महाराष्ट्राच्या वाचकाला ही कथा नवी नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक सापडल्यावर जाहीर झालेले अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. त्यात गावेच्या गावे आली, लोकांचा विरोध वाढत गेला आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर माळढोकही जवळपास गेला होता. नकाशावर मोठी रेघ ओढणे सोपे, त्या रेघेच्या आत लोकांना पक्ष्याचे सोबती करणे अवघड.

पुढे मध्य प्रदेशच्या वनखात्याने शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याला त्रास न होऊ देणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस देण्याची योजना सैलाना-सरदारपूर भागात राबवली. पक्षी दिसला तर तोटा, हे समीकरण उलटवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. विदर्भात वाशीम-अकोल्याच्या माळांवर ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन तणमोराची कुरणे राखण्याचे काम केले, तेही याच जातीचे. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तणमोर पकडणाऱ्यांइतक्या त्याच्या सवयी आणि जागा दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतात.

लोकांना वगळून पक्षी राखता येत नाही, ही जाण शंकरन यांनी बेटांवर प्रत्यक्षात उतरवली. अंदमान-निकोबारच्या चुनखडीच्या गुहांमध्ये खाद्य-घरट्याची पाकोळी राहते. ही पाकोळी आपल्या लाळेचे पांढुरके, वाटीसारखे घरटे गुहेच्या भिंतीला चिकटवते. चिनी खाद्यसंस्कृतीत या घरट्यांच्या सुपाला प्रचंड किंमत आहे, त्यामुळे घरटी अंड्या-पिल्लांसकट ओरबाडली जात होती. कोकणातही या पाकोळीचा भाऊबंद आहे: वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर भारतीय पाकोळीच्या घरट्यांची चोरी होत असे आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने तिथे संरक्षणाचे काम केले. शंकरन यांनी १९९० च्या दशकात अंदमान-निकोबारच्या शेकडो गुहा पालथ्या घातल्या. फार थोड्या घरट्यांतून पिल्ले उडून जातात, हे त्यांच्या पाहणीतून पुढे आले. २००१ मध्ये ‘बायॉलॉजिकल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

उपाय मात्र नेहमीचा नव्हता. घरटी काढणाऱ्यांना तुरुंगात घालण्याऐवजी त्यांनी वनखात्यासोबत त्यांनाच राखणदार नेमले. उत्तर अंदमानात ‘चालीस एक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुहांमध्ये हा प्रयोग सुरू झाला. कालचा चोर आज त्याच गुहेच्या तोंडाशी पहाऱ्याला बसला आणि तिथली पाकोळ्यांची वीण वाढू लागली. दुसरा भाग इंडोनेशियाच्या अनुभवावरून घेतलेला होता: पाकोळ्या माणसाने बांधलेल्या अंधाऱ्या घरांतही वसाहत करतात, तेव्हा अशी घरे बांधावीत, पिल्ले उडून गेल्यावर रिकामी घरटी काढून विकावीत आणि उत्पन्न स्थानिकांना मिळावे. यासाठी खाद्य-घरट्याच्या पाकोळीची अंडी घरात राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पाकोळीच्या घरट्यांत ठेवून पाहण्यात आली. पाकोळीला कायद्याच्या सर्वांत कडक यादीत टाकून घरट्यांना हात लावणेच बंद केले तर लोकांचा तिच्यात रस उरणार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. सगळ्याच संरक्षणवाद्यांना ते रुचले नाही. पण गुहेत उभे राहून घरटी मोजलेल्या माणसाचे ते मत होते, आणि त्याला वजन होते. अंदमानातले हे काम पुढे ‘साकॉन’मध्येच शिरीष मंची यांनी चालू ठेवले.

निकोबारच्या मेगापोडचा अभ्यासही त्यांचाच. कोंबडीसारखा दिसणारा हा पक्षी अंडी उबवत नाही. वाळू, माती आणि कुजणारा पाला यांचा मोठा ढीग रचून त्यात अंडी पुरतो. कुजण्याच्या उष्णतेने ती उबतात आणि बाहेर आलेले पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःची सोय स्वतः पाहते. १९९२ ते १९९४ दरम्यान शंकरन यांनी निकोबारच्या बेटांवर या ढिगांची पाहणी केली. बहुतेक ढीग समुद्रकिनाऱ्याला लागून होते, आणि हीच नोंद पुढे कळीची ठरली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत निकोबारचे किनारे पुसले गेले, जमीन खचली, इंदिरा पॉइंटचा परिसर चार मीटरहून अधिक खाली गेला. आपत्तीनंतर लवकरच ते पुन्हा बेटांवर गेले आणि वन्यजीव व अधिवासांच्या हानीचा अहवाल तयार केला. दहा वर्षांपूर्वीची आकडेवारी हाताशी होती म्हणूनच किती गेले हे सांगता आले. त्यांचे विद्यार्थी के. शिवकुमार यांच्या नंतरच्या मोजणीने मेगापोडची मोठी घट सिद्ध झाली. सैलान्यात लागलेली सवय इथे कामी आली: आधी मोजून ठेवा, पुन्हा जाऊन मोजा.

महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. राज्य शासनाने २०२० मध्ये तो निर्णय घेतला. चितमपल्लींचे निधन १८ जून २०२५ रोजी झाले. या दोघांमागे पुस्तके होती आणि पुस्तकांमुळे वाचक होते. शंकरन यांचे लिखाण मुख्यतः शोधनिबंध आणि अहवालांत आहे. ते घरोघरी पोचणारे नव्हे. त्यांची आठवण विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या रीतीने जपली. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनने त्यांच्या नावाने निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रातील तरुणांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. रानात राबणाऱ्या माणसाचे याहून योग्य स्मारक सुचणे कठीण आहे, कारण पुतळ्यामुळे कुणी रानात जात नाही, शिष्यवृत्तीमुळे जाते.

खुद्द खरमोराची बातमी मात्र वाईट आहे. शंकरन यांच्यानंतर २०१७ मध्ये पश्चिम भारतात मोठी पाहणी झाली. तिच्यातून नरांचा अंदाज २६४ च्या आसपास निघाला. एकूण संख्या ७०० च्या आत आली, म्हणजे १९९९ च्या तुलनेत सुमारे ८० टक्के घट. २०२१ मध्ये या पक्ष्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ गटात झाली. घट इतकी मोठी आहे हे ठामपणे म्हणता येते, कारण आधीचे आकडे होते.

घटीच्या कारणांत माळव्यापुरते पहिले नाव सोयाबीनचे घ्यावे लागते. १९७०-८० च्या दशकांत हे पीक माळव्यात पसरले आणि उज्जैन-इंदूर-देवासचा सारा पट्टा सोयाबीनचा झाला. पूर्वी खरिपात बरीच जमीन पडीक राहत असे किंवा ज्वारी-उडदाखाली असे. आता जुलै-ऑगस्टमध्ये, नेमक्या विणीच्या महिन्यांत, रान सोयाबीनने भरते. खरमोर अशा पिकात घरटे करतोही. पण फवारणीने किडे मरतात आणि लवकर तयार होणाऱ्या वाणांची कापणी पिल्ले मोठी होण्याच्या आधीच येते. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याची किंमत कुणी मोजली हेही सांगायला हवे. दुसरे कारण पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. रतलाम परिसराच्या उघड्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. या कुळातल्या पक्ष्यांची डोळ्यांसमोर थेट पाहण्याची क्षमता कमी असते, त्यामुळे तारांवर आपटून ते मरतात. एम. के. रणजितसिंह यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोक आणि तणमोर यांच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याबाबत आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये ते सौम्य करण्यात आले. मोकाट कुत्री आणि गवतावरचा चराईचा ताण ही आणखी कारणे. राजस्थानात तणमोराच्या कृत्रिम पैदाशीचे प्रयत्न सुरू आहेत, पण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी सोडायला शेवटी गवतच लागणार.

सैलान्यात अलीकडच्या पावसाळ्यांत बोटांवर मोजण्याइतकेच खरमोर दिसतात. उज्जैन, रतलाम, धार, झाबुआ किंवा मंदसौरच्या शेतांत आणि बीडांत जुलै ते सप्टेंबरदरम्यान कुणाला उडी मारणारा काळा-पांढरा पक्षी दिसला, तर त्याच्या जवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी गवतात शिरू नये आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. तारीख, वेळ, गावाचे नाव आणि गवत की पीक एवढे लिहून ते थेट वनखात्याला कळवावे.